तेहतिसाचा हिशेब
साप्ताहिक सदर : तिथी-वार

१७ मे २०२६ रोजी अधिक ज्येष्ठ लागतो, आणि ज्या घरांत नवा जावई आला आहे त्या घरांतील गृहिणींच्या मनात तेहतीस अनारशांचा विचार आधीपासूनच घोळू लागतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यावयाचे हे वाण तेहतीसच का, असे विचारले म्हणजे वडीलधारी मंडळी तेहतीस कोटी देवांकडे बोट दाखवितात. माझ्यासारख्या पंचांगाच्या कीटकाला मात्र त्या अनारशांत नेहमी अंकगणितच दिसत आले आहे. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष ३५४ दिवसांचे भरते, सूर्याचे ३६५ दिवसांचे. ही सुमारे अकरा दिवसांची तूट साचत साचत साडेबत्तीस महिन्यांनी, म्हणजे वाणाच्या भाषेत तेहतिसाव्या महिन्यात, पुऱ्या एका महिन्याएवढी होते, आणि मग आपले पंचांग एक जादा महिना घालून चंद्राची ही थकबाकी एकरकमी फेडून टाकते. त्यामुळेच आपली दिवाळी शरद सोडून कोठे जात नाही आणि गणपती पावसातच येतो.

परंतु हीच तूट, तिचा पुरता हिशेब ठाऊक असूनही, कधीच भरून काढावयाची नाही असा निश्चय ज्यांनी चौदाशे वर्षांपूर्वी केला, त्यांचा रमजान आपल्या शेजारीच पाळला जातो. २०२६ साली तो फाल्गुनात येतो आणि ईद गुढीपाडव्याच्या आगेमागे. पुढील साली तो अकरा दिवसांनी मागे सरकेल, त्याच्या पुढील साली आणखी अकरा, आणि असा उलट्या पावलांनी चालत चालत सुमारे तेहतीस वर्षांनी तो पुन्हा याच फाल्गुनात येऊन उभा राहील. अनारशांचे तेहतीस आणि रमजानचे तेहतीस यांचा मेळ बसतो हा योगायोग नव्हे. जेवढ्या महिन्यांत एक महिना तुटतो तेवढ्याच वर्षांत, महिन्याच्या बारापट वर्ष या साध्या न्यायाने, एक अख्खे वर्ष तुटते. एकाच तुटीची ही दोन खाती आहेत. आपण आपले खाते दर तेहतीस महिन्यांनी वळते करून घेतो, आणि ते लोक तेहतीस वर्षे उघडे ठेवतात.

आमच्यातील काही सुशिक्षितांना हा इस्लामी कालगणनेचा कच्चेपणा वाटतो. त्यांच्या दिनदर्शिकेला ऋतूच कळत नाही, असे वाक्य मी सभ्य बैठकींतून अनेकदा ऐकले आहे. त्यांना उत्तर म्हणून ‘रमजान’ हा शब्दच पुढे करावा. त्याचा मूळ अरबी धातू दाहाचा, तापलेल्या भूमीचा वाचक आहे. म्हणजे ज्या काळी हे नाव पडले त्या काळी हा महिना ग्रीष्माला बांधलेला असावा. इस्लामपूर्व अरबस्तानातही अधिक महिन्यासारखी सोय होती. तिला ‘नसी’ म्हणत, आणि तिची घोषणा करण्याचा मान किनाना कबिल्यातील एका घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला होता. या मानाबरोबर निषिद्ध महिने पुढेमागे सरकवून युद्धाची वा लुटीची वाट मोकळी करून घेण्याची मुभाही चालत आली होती, हे सांगावयास नकोच. कुराणाच्या नवव्या अध्यायाने ही नसी निषिद्ध ठरविली आणि हिजरी सन १० मध्ये, आपल्या अखेरच्या हजच्या प्रसंगी, पैगंबरांनी वर्षाचे महिने बाराच, असा निर्वाळा दिला. त्या दिवसापासून दाहाच्या नावाचा हा महिना थंडीवाऱ्यातून, पावसापाण्यातून भटकतो आहे, ऋतू गेला तरी नाव मात्र त्याने टाकले नाही.

राज्यकर्त्यांना मात्र ही भटकंती परवडणारी नव्हती, कारण साऱ्याचा वसूल चंद्रावर ठरत नाही, पिकावर ठरतो. म्हणूनच दख्खनच्या मुसलमानी अमलात सूर्य मृगात गेला की सुरू होणारा सुहूर सन रुजला, पुढे फसली सन आला, आणि मराठ्यांच्या दप्तरांनी हा सारा वारसा जसाच्या तसा उचलला. पेशव्यांच्या कारकुनाच्या लेखणीखालून उतरलेला कागद पाहावा : सन सुहूर, वर्षाचा आकडा अरबी शब्दांत, आणि मितीच्या जागी ‘छ’ हे अक्षर, म्हणजे चंद्र, व त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख. शनिवारवाड्यात संध्या करून आलेला ब्राह्मण कारकून जमाबंदीच्या कागदावर ‘छ’ घालून रमजान लिहीत होता आणि त्यात आपण काही विशेष करीत आहोत असे त्याच्या स्वप्नातही येत नव्हते. सरकारचे वर्ष पिकाबरोबर चालावे आणि उपासनेचा महिना पिकाला न विचारता चालावा, ही वाटणी त्या कारकुनाला समजत होती. आमच्या सभ्य बैठकींना ती समजत नाही.

या वाटणीचा अर्थ मला पुस्तकातून नव्हे, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून कळला. १९८६ च्या मे महिन्यात माझ्या मामांचा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून नाद साफ करण्यासाठी, तेथील एका वृद्ध कारागिराकडे नेला होता. त्या साली रमजान ऐन वैशाखात आला होता. पत्र्याच्या छपराखाली दुपारी दोन वाजता बसलेले ते चाचा मांडीवर घोडी घेऊन तिच्यावर कानस फिरवीत होते. दोन घासण्या, मग तार छेडून कान लावणे, पुन्हा दोन घासण्या. तारेखाली सरकवावयाच्या सुताचे टोक एरवी कारागीर ओठांनी ओले करून वळतो. चाचांनी मात्र शेजारी पाण्याची एक लहान वाटी ठेवली होती आणि ते बोट बुडवून सूत ओले करीत होते. पाणी हाताशी, घशाला कोरड, आणि ते पाणी सुतासाठी. मामांनी, काहीशा संकोचाने, तंबोरा ईदनंतर दिला तरी चालेल असे सांगून पाहिले. चाचा हसले. म्हणाले, “मास्तर, रोज्यात दुपारपर्यंत कान लई साफ असतो, जवारीला हीच वेळ चांगली. हात मात्र संध्याकाळी कापतो. तार चढवायचं काम तेवढं मगरिबनंतर करू.”

आमच्या अक्षांशावर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा रोजा मार्गशीर्षात साडेबारा तासांच्या आसपास आणि वैशाखात चौदा तासांच्या वर असतो. घड्याळाने पाहिले तर तफावत दोन तासांचीसुद्धा नाही. पण मार्गशीर्षातील घोट आणि वैशाखातील घोट यांतील अंतर घड्याळाने मोजावयाचे नसते. महिना एकाच ऋतूत खिळून राहता तर मिरजेच्या कारागिराच्या वाट्याला जन्मभर वैशाख आला असता आणि दुसऱ्या गोलार्धातील एखाद्याच्या वाट्याला जन्मभर हिवाळा. तूट न भरल्यामुळे पुरे आयुष्य लाभलेल्या प्रत्येकाला सगळे ऋतू रोज्यात भोगावे लागतात. हे शरीअतीने सांगितलेले कारण आहे असा माझा दावा नाही. परंतु व्यवस्थेचा परिणाम असा न्याय्य आहे खरा.

त्या दिवशी सुताकडे पाहताना मला जी कथा ठाऊक नव्हती ती पुढे वाचनात आली. रोज्याचा आरंभ कोणत्या क्षणी करावा, हे सांगताना कुराणाने पांढरा दोरा काळ्या दोऱ्याहून वेगळा दिसू लागण्याची खूण दिली आहे. आपल्याकडे किश्शांतून घरोघर गेलेल्या हातिमताईचे पुत्र अदी हे नव्याने मुसलमान झालेले गृहस्थ. त्यांनी हे वचन अक्षरशः घेतले आणि उशाखाली एक काळा व एक पांढरा असे दोन दोरे ठेवून ते रात्रभर निरखून पाहत राहिले. पैगंबरांना हे कळले तेव्हा त्यांनी थट्टा करीत समजावून दिले की ते दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि पहाटेचा उजेड. मला या कथेत अदींचा भोळेपणा तितका लोभस वाटत नाही जितकी त्यांची धास्ती वाटते : एक घोटही सीमेपलीकडे जाऊ नये म्हणून माणूस अंधारात सूत निरखीत बसला आहे, आणि त्याला पाहणारे कोणी नाही.

रोज्याचे मर्म या ‘पाहणारे कोणी नाही’ मध्ये आहे. नमाज चारचौघांत होते, जकातीला घेणारा हात लागतो, हज तर जगासमोर होते. रोजा मात्र मोरीत जाऊन दार लावून घोटभर पाणी प्यायले तर कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून त्याला नीयत लागते. हा शब्द आपण मराठीत ‘त्याची नियत फिरली’ असा फक्त बिघडलेल्या अवस्थेतच वापरतो, हे आपले दुर्दैव. ‘रोजा’ हा शब्दही आपल्या घरचाच : फारसी ‘रोज’ म्हणजे दिवस, ज्यातून आपली रोजनिशी, रोजकीर्द आणि रोजंदारी निघाली. अरबी मूळ शब्द ‘सौम’. त्याचा अर्थ आवरणे, थांबणे. एकादशीला आपण धान्य सोडून साबुदाणा, रताळी, भगर यांची जी पंगत मांडतो तिला पोटाचा विचार आहे. रोज्याला पदार्थांचा विधिनिषेध नाही, त्याला केवळ वेळेचा आहे. काय खावे हा तेथे प्रश्नच नसतो. सूर्य बुडाला की लगेच सोडावा, मोठेपणासाठी उगाच लांबवू नये. पहाटेची सहेरी टाळू नये. आणि दोन दिवसांचे रोजे मध्ये काही न खाता जोडून धरू नयेत, असेही बजावलेले आहे. इफ्तारच्या नावाखाली पुढारी मंडळींच्या ज्या मेजवान्या झडतात त्यांविषयी मी येथे लिहीत नाही. त्या राजकारणाच्या सदरात शोभतील.

आणि एवढ्या कडक वेळेचा हा कायदा सवलतींच्या बाबतीत मात्र मोठा दिलदार आहे. आजारी, प्रवासी, गरोदर, अंगावर पाजणारी माता, यांना तेव्हा मोकळीक, आणि सुटलेल्या दिवसांची कजा पुढे सवडीने भरावयाची; ज्याला वार्धक्यामुळे ती कधीच भरणे शक्य नाही त्याने दिवसामागे एका गरिबाला जेवू घालावे. विसरून काही खाल्ले तर रोजा मोडत नाही, तो ईश्वराने भरविलेला घास समजावा. गंमत अशी, की वर्षाची तूट भरावयाची नाही पण माणसाची बाकी मात्र फेडून घ्यावयाची, असे हे उलट्या जमाखर्चाचे दप्तर आहे. नॉर्वेच्या उत्तर टोकाला जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेथील काही मुसलमान मक्केच्या वेळा धरतात. २००७ च्या ऑक्टोबरात मलेशियाचे शेख मुजफ्फर रमजानातच अंतराळात गेले, जेथे दिवसाला सोळा सूर्योदय होतात, तेव्हा त्यांच्या देशातील उलेमांनी यान जेथून उडाले त्या जागेचे घड्याळ ग्राह्य मानले. चाँद डोळ्यांनी पाहावा की गणिताने ठरवावा हा वाद मात्र मिटत नाही. तुर्कस्तानने गणित पत्करले आहे, आपल्याकडे अजून गच्चीवर माणसे चढतात. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या पायी ज्या कोकणात एखाद्या साली महिनाभराच्या अंतराने दोनदा गणपती बसतात, तेथल्या माणसाने या वादाला हसू नये. माझे मत विचाराल तर मी गच्चीवाल्यांच्या बाजूचा आहे. बीजेची कोर शोधीत पश्चिमेकडे मान उंचावून उभी असलेली वस्ती मी पाहिली आहे, आणि तो दहा मिनिटांचा काळ छापील तक्त्यात मावत नाही.

२०१९ च्या मे महिन्यात मामांचाच तंबोरा घेऊन मी पुन्हा त्या गल्लीत गेलो. मामा नव्हते, चाचाही नव्हते. गादीवर त्यांचे चिरंजीव होते, दाढीत पांढरे आलेले, मांडीवर घोडी, हातात कानस. पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता आणि डोक्यावर पंखा होता, पण रमजान पुन्हा वैशाखातच होता. मी हिशेब सांगितला, तेहतीस वर्षे पुरी झाली असे म्हणालो. ते म्हणाले, “तवा मी धा वर्षांचा होतो, पहिलाच रोजा होता, तुमच्या मामांनी मला आठ आणे दिले होते.” मग आतून येणाऱ्या मुलाकडे मान वळवून म्हणाले, “आता पुढचा वैशाख याचा.” आणि त्यांनी बोट वाटीत बुडवून सुताचे टोक ओले केले.

— कालदर्शी