भोंगा नसलेली गिरणी

परवा मधल्या मारुतीपाशी शाळेतला एक मित्र भेटला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने तो नेहमीचा प्रश्न विचारलाच. "घरीच अस्तोस की बे दिवसभर, मग काम कधी करतोस?" मी हसून टोलवलं. खरं उत्तर होतं, "कायम." पण ते रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून आज इथे लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. 2021 साली पुण्यातली नोकरी सोडून मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी परत आलो. आठवड्यातले दोन दिवस जुन्या ओळखीतल्या एका क्लायंटसाठी कोड लिहितो, आणि उरलेले दिवस शब्द विकतो. सॉफ्टवेअरची मॅन्युअलं, कंपन्यांसाठी लेख, अ‍ॅपची मराठी भाषांतरं. म्हणजे साहित्यिक वगैरे नाही हो, शब्दामागे पैसे घेणारा माणूस. आमच्या मातोश्रींच्या भाषेत, "काहीतरी टाईप करत असतो."

या धंद्यात पडलेल्याला सल्ले फार मिळतात, आणि ते सगळे एकाच गृहीतकावर उभे असतात, की डोक्यावर साहेब नसला की माणूस लोळत पडणार. म्हणून पहाटे उठा, टेबलाशी बसा, रोज हजार शब्द पाडा. उदाहरण म्हणून तो इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप हमखास येतो. पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहायचा, दर पाव तासाला अडीचशे शब्द. मला त्या गोष्टीतलं लोक न सांगणारं अर्धं जास्त आवडतं. पहाटेचं लिखाण आटोपलं की त्याला पोस्टात जावंच लागायचं! लिहिणं थांबवायला बाहेरचं कोणीतरी होतं.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. 1870 च्या दशकात उभी राहिलेली ही सोलापुरातली पहिली कापड गिरणी. आम्ही नातवंडं जन्मायच्या आधीच ती बंद पडली होती, पण तिचा भोंगा आमच्या घरात नंतर कितीतरी वर्षं वाजत होता, बोलण्यात. "भोंग्याला उठलो", "भोंगा झाल्यावर जेवलो". लहानपणी मला वाटायचं, भोंगा म्हणजे हाकलत कामावर नेणारा राक्षस. आजोबांना एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, "अरे, सुटायचा पण भोंगा असतो की."

घरून काम करणाऱ्याचा नेमका हा दुसरा भोंगा हरवतो. पहिल्याची सोय होते हो, ईएमआय नावाचा भोंगा रोज पहाटे वाजतोच. मला चार वर्षांत काम सुरू करायला कधी त्रास झाला नाही. थांबायला झाला.

याचं कारण आळस किंवा लोभ नाही, हिशोब आहे. नोकरीत पगार महिन्याचा असतो, त्यामुळे रविवार फुकट मिळतो. शब्दावर पैसे मिळायला लागले की प्रत्येक तासाला किमतीची चिठ्ठी चिकटते. मित्राबरोबरचा चहा तीनशे शब्दांना पडतो. आतेभावाचं लग्न मला दोन हजार शब्दांना पडलं, आणि हे गणित मी मांडवात अक्षता हातात घेऊन केलं! त्या दिवशी माझी मलाच जरा भीती वाटली. पण सुधारलो नाही.

मग 2023 ची गड्ड्याची यात्रा आली. सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. पुण्यात असताना मी त्यासाठी रजा टाकून यायचो, एकदाही चुकवला नाही. आणि त्या वर्षी, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असताना, चुकवला. एका कंपनीच्या मॅन्युअलमध्ये "छोटासा बदल" हवा होता. तो सहावा छोटासा बदल होता. पोराला शेजारचे काका खांद्यावर बसवून घेऊन गेले.

संध्याकाळी आई मला काही बोलली नाही. रात्री ताट वाढताना मात्र म्हणाली, "पुण्याला होतास तेव्हा हुतात्मा पकडून महिन्यातले दोन रविवार तरी घरी असायचास."

त्या मॅन्युअलचे पैसे ऑगस्टमध्ये आले, तेही कापून. असो.

त्यानंतर मला आठवण झाली ती माझ्या एका वर्गमित्राच्या आईची. ते पूर्वभागात राहायचे. आई तेलुगू बोलणारी, आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती विड्या वळायची. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, घरी वळायच्या, मोजून परत द्यायच्या. मजुरी हजारावर. म्हणजे माझ्यासारखीच, नगावर काम, घरबसल्या, साहेब नाही. मांडीवर सूप घेऊन गप्पा मारत तिची बोटं चालायची. आणि ठरलेला आकडा भरला की ती सूप भिंतीला टेकवून उभं करायची. सूप उभं राहिलं की तिच्यापुरता कारखाना बंद. मग नवरा, सासू, कोणी काही म्हणो. तिला पैसे नको होते असं नाही, माझ्यापेक्षा शंभरपट हवे होते. पण हजाराच्या पुढे बोटं चुकतात आणि चुकलेली विडी "छाट" म्हणून बाजूला काढली जाते, हे तिला ठाऊक होतं.

ही छाट म्हणजे विडी कामगारांचं जुनं दुखणं. पसंत नाही म्हणून विडी बाजूला काढायची आणि तिची मजुरी द्यायची नाही. यावर इतकी भांडणं झाली, की 1966 साली विडी-सिगार कामगारांसाठी कायदा आला तेव्हा घरी वळणाऱ्या बायकाही त्यात घेतल्या गेल्या, आणि नाकारलेल्या विड्या व त्यांची मजुरी यावरचे तंटे सोडवायची तरतूद त्यातच करावी लागली. आता सांगा, माझा सहावा "छोटासा बदल" म्हणजे छाट नाही तर काय? फरक इतकाच, की अक्काच्या मागे युनियन होती आणि माझ्या मागे एसी खोलीत बसल्याचा फुकाचा रुबाब. स्वतःला मजूर म्हणवून घ्यायची लाज वाटते, म्हणून आपण मजुराइतकंही भांडत नाही.

तेव्हापासून मी कामाआधी लेखी ठरवतो. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून पैसे. उद्यम नोंदणी करून घेतली, कारण 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज. मी अजून कोणावर दावा लावलेला नाही. पण बिलाच्या खाली ती एक ओळ असली की फोन जरा लवकर उचलले जातात, हा अनुभव. दोन क्लायंट सोडून गेले. आणखी एक हल्ली एआयकडून लिहून घेतो आणि मला म्हणतो, "नुसती नजर फिरवा," निम्म्या दरात. त्याला मी नाही म्हणालो. पुढच्या वर्षी म्हणू शकेन का, सांगता येत नाही.

मराठीत लेखणीवर जगणाऱ्यांची गोष्ट निघाली की मला बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक आठवतात. दोघांच्या रहस्यकथांचा आकडा हजाराच्या पुढे. काळापहाड, झुंजार, धनंजय या अर्नाळकरांच्या नायकांवर आमच्या आजोबांच्या पिढीच्या सुट्ट्या गेल्या. अर्नाळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. गुरुनाथ नाईक 2021 साली गेले. इतकं लिहिलेल्या माणसाच्या उतारवयातल्या आर्थिक ओढाताणीच्या बातम्या पेपरात वाचल्या होत्या, त्या डोक्यातून जात नाहीत. लिहायचा वेग वाढवला की सगळं ठीक होईल असं मला कोणी सांगितलं की मी त्यांचं नाव घेतो. माझे आठवड्यातले कोडचे दोन दिवस हे माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि ते सोडून "पूर्णवेळ लेखक" व्हायची मला अजिबात घाई नाही.

आता आनंदाचं. गंमत अशी, की माझे सगळ्यात चांगले दिवस कोणते हे मला आमच्या नळाने शिकवलं. सोलापुरात कित्येक वर्षं पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. पाण्याचा दिवस म्हणजे पिंपं, टाक्या, जिन्यातली धावपळ, शेजाऱ्यांशी भांडण आणि लगेच समेट. सुरुवातीला मी चिडायचो, किती शब्द बुडाले! मग एकदा सहज कामाची वही चाळली तर दिसलं, की पाण्याच्या दुसऱ्या दिवशी माझं लिखाण सरळ उतरलेलं असायचं, खाडाखोड कमी. चार माणसांशी बोललेलो, हातपाय हललेले, रात्री झोप लागलेली. लिहिणाऱ्याला एकांत लागतो म्हणतात. मला तो जेवणातल्या मिठाएवढाच लागतो असं निघालं.

म्हणून गेल्या दीड वर्षापासून घरातला सुटायचा भोंगा आईकडे दिलाय. साडेसहाला लॅपटॉप तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला :-) पन्नाशीकडे झुकलेल्या इंजिनियरला हे शोभत नाही, मान्य. मागच्याच आठवड्यात मी रात्री पांघरुणात मोबाईलवर एक परिच्छेद दुरुस्त केला. सकाळी वाचला, तर दोन वाक्यं अर्धवट. सरळ छाट.

हे लिहितोय शनिवारी, सव्वासहा झालेत. अजून एक मुद्दा होता, पण गच्चीवरून हाक आलीय. टाकी भरत आली आहे आणि वरचा व्हॉल्व्ह तिच्याने फिरत नाही.