बिबट्यास आवतण कोणी दिलें?

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड नांवाचें गांव आहे. २०२५ च्या आक्टोबर-नोव्हेंबरांत, अवघ्या तीन आठवड्यांत, त्या बाजूच्या शिवारांत बिबट्यानें तीन माणसें मारलीं. एक पांच वर्षांची पोर, एक म्हातारी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. लोक खवळले. वनखात्याची गाडी जाळली, पुणें-नाशिक रस्ता अडवून धरला, तेव्हां कुठें बंदूकवाले आले व बिबट्या मारला गेला. पुढें वर्तमानपत्रांतून एक चित्र झळकलें. खिळे ठोकलेले पट्टे गळ्यांत घालून बाया शेतांत काम करीत आहेत! लांडग्यानें नरडें धरूं नये म्हणून राखणीच्या कुत्र्याला असला पट्टा घालतात. कुत्र्याच्या गळ्यांतला पट्टा आमच्या आयाबहिणींच्या गळ्यांत आला, आणि शहाण्यासुरत्या मंडळींनीं चहा घेतां घेतां तें चित्र पाहून पान उलटलें.

या मंडळींची एक ठरीव पोपटपंची आहे. माणसानें जंगल खाल्लें म्हणून बिचारा बिबट्या गांवांत आला! आम्ही विचारतों, शिरूरच्या माळावर जंगल होतें कधीं? आमच्या आजोबांच्या वेळीं तेथें बाजरी, मटकी आणि कुसळें होतीं. त्या बाजरींत ससा लपेना, मग वाघ कोठून लपणार? (आमच्याकडे बिबट्यास वाघच म्हणतात.) पुढें माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें अशीं धरणें झालीं, कुकडीच्या पाटांचें पाणी आलें आणि पाण्यामागून ऊंस आला. आडसाली ऊंस सोळा-अठरा महिने उभा असतो. पुरुषभर उंचीचा, आंत दिवसा अंधार, पायाखालीं गारवा, बांधाला पाणी. बिबट्याला याहून चांगलें घर जंगलांत तरी मिळेल काय? मादी उंसांतच विते. तोड चालू असतां सरींत पिल्लें सांपडतात, आणि रात्रीं आई येऊन त्यांस उचलून नेते. कित्येक बिबट्यांनीं डोंगर पाहिलाही नसेल. ते आमच्यासारखेच शिवारांत जन्मले आणि शिवारांत वाढले.

आणि तो खातो काय? शेजारच्या अकोले तालुक्यांत संशोधकांनीं त्याची विष्ठा तपासून पाहिली. त्याच्या खाद्यांत वजनानें ८७ टक्के वांटा पाळीव व गांवठी जनावरांचा निघाला. त्यांत एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, शेळ्यांचा अवघा ११. तेथेंच झालेली मोजणी २०१३ सालीं छापून आली. शंभर चौरस किलोमीटरांत जवळजवळ पांच मोठे बिबटे, आणि तो मुलूख माणसांनीं भरलेला! आतां हीं मोकाट कुत्रीं कशावर जगतात? आमच्याच उकिरड्यावर, गांवाबाहेर फेकलेल्या मढ्यांवर, कोंबडीवाल्यांनीं उघड्यावर टाकलेल्या घाणीवर. हें पाप मात्र सर्वस्वीं आमचें आहे, तें सरकारच्या माथीं मारून चालणार नाहीं. ग्रामपंचायतीनें एक खोल खड्डा खणून तो झांकला तर वर्गणी मागावी लागणार नाहीं. पण जत्रेच्या तमाशाला पैसे निघतात आणि खड्ड्याला निघत नाहींत.

बिबट्या आला कसा, हें झालें. मरतो कोण, हा खरा सवाल आहे. चिरेबंदी वाड्यांतला मरत नाहीं. कारखान्याच्या गेस्ट हौसांत उतरणारा मरत नाहीं. मरतें तें ऊंसतोड्याचें पोर. बीड, पाथर्डीकडून आलेला तो कुटुंबकबिला उंसाच्या कडेला पाचटाची कोपी घालतो. दार नाहीं, दिवा नाहीं, संडास नाहीं. पहांटे आईबाप तोडीला जातात आणि पोर कोपीबाहेर रांगत असतें. ओणवें बसलेलें माणूस आणि शेळी यांत अंधारांत फरक तो किती? दरवर्षीं हंगाम लागला कीं आमच्या शाळेच्या पटावर हीं पोरें येतात, चार महिन्यांनीं जातात. रात्रीं झोप लागत नाहीं म्हणून वर्गांत पेंगणाऱ्या पोराला आम्ही कोणत्या तोंडानें छडी दाखवावी?

दुसरा मरतो तो दाऱ्यावरचा शेतकरी. शेतीच्या विजेची पाळी आठवड्यांतून कांहीं रात्रींची असते. दिवसा वीज कारखानदारीस पाहिजे, शहरास पाहिजे. कुणब्यानें मध्यरात्रीं बॅटरी घेऊन, गुडघाभर चिखलांत, दारें मोडावींत! दिवसा वीज देऊं असें सरकार २०१७ सालापासून सांगत आहे. कांहीं ठिकाणीं ती मिळालीही असेल. ज्यास मिळाली नाहीं तो आजही रात्रीं उंसांत उभा आहे, आणि बिबट्याच्या हिंडण्याची वेळ तीच.

पूर्वीं शेटजी-भटजींच्या नांवानें बोट मोडलें कीं आमचें काम भागत असे. आतां कारखान्याच्या खुर्चींत, बाजारसमितींत, विधिमंडळांत आमचेच भाऊबंद बसले आहेत. महात्मा जोतीरावांच्या तसबिरीला हार घालणारे हेच, आणि तोडणीवाल्याला पत्र्याचें दार न देणारेही हेच. टनामागें चार पैसे काढून कोप्यांभोंवतीं तारेची जाळी व दिवे करावयास कोणत्या ब्राह्मणानें यांचा हात धरला आहे?

यांना सुचतो तो एकच उपाय, पिंजरा. पिंजरा आला, फोटो निघाला, साहेबांची गर्जना झाली. हा प्रयोग होऊन गेला आहे. २००१ च्या फेब्रुवारीपासून जुन्नर भागांत बिबटे धरून दूर नेऊन सोडण्याचा सपाटा लावला. त्यापूर्वीं १९९३ पासून माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ या काळांत ते १७ झाले. कारण उघड आहे. धरून सोडलेलें जनावर बिथरतें, परक्या मुलखांत भटकतें, आणि ओस पडलेल्या उंसांत दुसरा बिबट्या येतो. माणसावर उठलेलें जनावर मारलेंच पाहिजे, तेथें आम्ही दयेची भाषा ऐकून घेणार नाहीं. पण दिसेल तो धरा म्हणणारा पुढारी पुढच्या गांवाच्या मरणाची तजवीज करतो.

२०२५ च्या डिसेंबरांत वनमंत्र्यांनीं जंगलांत शेळ्या सोडण्याची गोष्ट काढली. बिबट्याला सरकारी शेळी, आणि धनगराच्या शेळीला बंदिस्त गोठा नाहीं! हा न्याय आमच्या अडाणी डोक्यांत शिरत नाहीं.

मेलेल्यामागें सरकार पैसे देतें. २०२२ सालीं ही रक्कम १५ लाखांची २० लाख केली. ठीक, घेणाऱ्यानें जरूर घ्यावी. पण जोतीरावांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत काय मागितलें होतें तें या मंडळींनीं एकदां वाचावें. शेतकऱ्याच्या हातीं हत्यार देण्याची सरकारची हिंमत नसेल तर राखणीचें काम पोलीसखात्यानें करावें. आणि तरीही रानडुकरांनीं पीक खाल्लें तर तें नुकसान वरिष्ठ अंमलदारांच्या पगारांतून नाहींतर सरकारी खजिन्यांतून भरून द्यावें, असा त्यांचा रोख होता. खजिन्याची वाट आम्हीं उचलली. पगाराची वाट सोयीनें विसरलों. रात्रपाळीच्या विजेवर माणूस मेला तर वीजखात्याच्या साहेबाचा, कोपींतलें पोर गेलें तर कारखान्याच्या चेअरमनाचा एक महिन्याचा पगार व भत्ता कापून पाहा. आठ दिवसांत दिवे लागतात कीं नाहीं तें आम्ही सांगतों.

येत्या हंगामांत आमच्या शिवारांत कोप्या कोठें पडतात, किती दारें लागतात, हें लिहून घेण्यास आम्ही व आमचे कांहीं तरुण मित्र फिरणार आहों. ज्या चेअरमनांस, संचालकांस सोबत यावयाचें असेल त्यांनीं खुशाल यावें. मात्र दिवस मावळल्यावर यावें, आणि मोटार डांबरी रस्त्यावर सोडून पायीं यावें. पट्टा लागलाच तर आमच्या बायांजवळ एखादा जास्तीचा आहे.