नाव कोणी ठेवायचे?

घरात दुखणे आले, गाय आटली, तान्ह्या लेकराने अंग धरले नाही, की वस्तीत कुजबुज सुरू होते. 'हे साधे दुखणे नव्हे, करणी आहे.' मग बोट कुणाकडे वळते? पुढाऱ्याकडे नाही, सावकाराकडेही नाही. ते वळते एकट्या म्हातारीकडे, विधवेकडे, मूलबाळ नसलेल्या बाईकडे. तिचे नाव चेटकीण पडते. सातपुड्यात, नंदुरबारकडे, तिलाच डाकीण म्हणतात. शब्द निराळा, छळ तोच.

आता वाचक बंधू-भगिनींना नवल वाटेल अशी गोष्ट सांगतो. ज्या युरोपात चेटकीण म्हणून बायकांना जिवंत जाळले, त्याच युरोपात आज कितीतरी स्त्री-पुरुष 'होय, आम्ही चेटूक मानणारे आहोत' असे उघड सांगतात. त्यांच्या पंथाचे नाव विक्का. निसर्गाला आणि जुन्या देवदेवतांना पुन्हा मानणारे जे नवे पंथ तिकडे निघाले, त्यांना मिळून पेगन म्हणतात. विक्का हा त्यातलाच एक. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन असे लिहिले आणि सुमारे १३ हजारांनी विक्का असे लिहिले.

पेगन हा शब्दही मुळात दुसऱ्याने ठेवलेला. लॅटिन भाषेत त्याचा जुना अर्थ खेडूत. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरला, तेव्हा जुने देव न सोडणाऱ्यांना हिणवून तसे म्हणू लागले. आपल्याकडे शहरातला माणूस 'गावंढळ' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

पंधराव्या ते अठराव्या शतकात युरोपात चेटकाच्या आरोपावरून खटले चालले. अभ्यासकांच्या अंदाजाने ४० ते ६० हजार माणसे फासावर किंवा चितेवर गेली. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. त्यांनी केले काय होते? शेजारणीशी भांडण झाले आणि पुढे तिचे मूल दगावले, एवढे पुरे होई. मग छळ करून कबुली घेत. छळाखाली माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

इंग्रजांनी १७३५ साली कायदा बदलला. चेटूक खरे असते हेच त्या कायद्याने नाकारले आणि चेटूक येते असे सोंग करून लोकांना फसवणे हा गुन्हा ठरवला. तो कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर यांचे चेटकाविषयीचे पुस्तक निघाले आणि हा पंथ जगासमोर आला. गार्डनर काही धर्मगुरू नव्हते. सिलोन आणि मलायात मळ्यांवर काम केलेले, पुढे जकात खात्यातून निवृत्त झालेले ते गृहस्थ. डोरीन व्हॅलिएन्ते या बाईंनी त्यांच्या विधींचा बराचसा भाग लिहून काढला.

हे लोक करतात तरी काय? पौर्णिमेला लहान गटाने जमतात. जमिनीवर वर्तुळ आखतात, चार दिशांना वंदन करतात, मेणबत्त्या लावतात. देवी आणि शिंगांचा देव अशा दोघांना मानतात. वर्षात आठ सण पाळतात, ते सगळे ऋतूंच्या फेऱ्यावर बसवलेले. त्यांना एक धर्मग्रंथ नाही की एक मठाधिपती नाही. बाईला पुजारीण होता येते, हे तिकडच्या कितीतरी बायकांना या पंथात येण्याचे मोठे कारण झाले. कुणाला इजा करू नये हा त्यांचा मुख्य नियम.

गार्डनर म्हणत की हा फार जुना धर्म आहे, तो लपूनछपून टिकला. मार्गारेट मरे या विदुषींनी १९२१ साली असाच सिद्धांत मांडला होता. पुढच्या इतिहासकारांनी तो तपासून नाकारला. जाळलेल्या बायका कुठल्या गुप्त पंथाच्या नव्हत्या. त्या चर्चमध्ये जाणाऱ्या साध्या बायका होत्या. म्हणजे विक्का हा विसाव्या शतकातला नवा पंथ आहे. त्यांच्या मंत्राने कुणाचे भले होत नाही की वाईट होत नाही. पण तो त्यांनी राजीखुशीने घेतला आहे आणि तो घेण्याचा त्यांना हक्क आहे.

आपल्याकडे नेमके उलटे घडत आले. मरीआईचा गाडा, पोतराजाचा आसूड हे कुणी हौसेने घेतले नव्हते. ते जातीने अंगावर आले होते. गावात पटकी आली की मरीआई कोपली म्हणायचे आणि तिला शांत करायचे ओझे आपल्या माणसांच्या खांद्यावर टाकायचे. ते ओझे १९५६ साली बाबासाहेबांबरोबर आपण उतरवले आणि आपले नाव आपण ठेवले. जनगणनेच्या रकान्यात बौद्ध लिहिण्यासाठी आपण आग्रह धरतो, तो त्यासाठीच.

मग ज्या समाजाने स्वतःचे नाव स्वतः ठेवले, त्याच्या घरात शेजारणीला चेटकीण हे नाव ठेवले जाते, हे कसे चालेल? मरीआई सुटली, पण करणीचा संशय सगळीकडून सुटलेला नाही.

संशय घालवायचा तर दुखण्याचे खरे कारण कळले पाहिजे. आपल्या कर्जतशेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत आपल्या माता-भगिनीही होत्या. जुलाब लागलेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी द्यावे, हे ज्या आईला कळले, ती देवऋष्याकडे कशाला जाईल? देवीचा रोग तर नावानेच देवीचा होता. लस आली आणि १९८० साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले.

आता कायदाही आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमकी करणी करते, जनावराचे दूध आटवते, रोगराई पसरवते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. करणीच्या संशयावरून मारहाण करणे, धिंड काढणे, रोजच्या व्यवहारावर बंदी घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

म्हणून वस्तीत अशी कुजबुज कानावर आली, तर गप्प बसू नका. आजारी माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. जिच्यावर बोट उठले, तिच्या घरी चार बायकांनी मिळून जाऊन बसा, चहा घ्या. सारी वस्ती ते पाहते. एवढ्यानेही भागले नाही, तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिच्याबरोबर स्वतः जा. ती एकटी आहे म्हणूनच तिच्यावर बोट उठते.