पाच जागांचा पक्ष आणि आपले सहा महिने

मी हैदराबादला पीएच.डी. करते. गेल्या महिन्यात मेसमध्ये जेवताना एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, तो फराज खरंच निवडून येईल का?" पोरगा लातूर जिल्ह्यातला. वडील गवंडीकाम करतात, आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाते, हा घरातला पहिला पदवीधर. इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांची ऑफर लेटर्स त्याच्याकडे आहेत, सप्टेंबर 2026 च्या बॅचची. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी कागदपत्रांची जमवाजमव चालू आहे. रात्री अभ्यास संपला की तो यूट्यूबवर ब्रिटनच्या राजकारणाचे व्हिडिओ बघत बसतो. सगळ्या व्हिडिओंचा विषय एकच: रिफॉर्म यूके हा पक्ष पुढची सार्वत्रिक निवडणूक जिंकणार का, आणि जिंकला तर भारतीयांचं काय होणार.

मी त्याला म्हटलं, जिंकेल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण तो जिंकेपर्यंत आपल्याला काही होत नाही, असं तू धरून चाललायस, ते चूक आहे.

हा पक्ष आला कुठून ते थोडक्यात. युरोपीय संघातून ब्रिटननं बाहेर पडावं या एका मागणीवर 1993 मध्ये युकिप नावाचा पक्ष निघाला. नायजेल फराज त्याचा चेहरा झाले. पुढे त्यांनी ब्रेक्झिट पार्टी काढली आणि 2021 मध्ये तिचंच नाव रिफॉर्म यूके झालं. नाव बदललं, चेहरा तोच. युरोपचा प्रश्न निकाली निघाल्यावर स्थलांतरित हा मुख्य मुद्दा झाला. खरं तर आधीपासून तोच होता.

या पक्षाला किती जागा मिळतील यावर तिथं गेली बारा-पंधरा वर्षं चर्चा चालू आहे, आणि तिचा सूर ठरलेला असायचा: मतं मिळतील, जागा नाही. तसंच घडायचं. 2015 च्या सार्वत्रिक निवडणुकीत युकिपला 12.6 टक्के म्हणजे जवळजवळ 39 लाख मतं मिळाली आणि खासदार निवडून आला एक. 120 मतदारसंघांत पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला. त्याच निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला 4.7 टक्के मतांवर 56 जागा मिळाल्या. 2024 ला रिफॉर्मची मतं 14.3 टक्के, जागा पाच. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, 12.2 टक्के मतं, पण जागा 72. स्वतः फराज सात वेळा हरले आणि आठव्या खेपेला क्लॅक्टनमधून संसदेत पोहोचले.

ही आकडेमोड आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही. 2014 च्या लोकसभेत बहुजन समाज पक्षाला देशभर 4.2 टक्के मतं होती. मतांच्या हिशेबात भाजप आणि काँग्रेसच्या खालोखाल तिसरा पक्ष. जागा शून्य. त्याहून कमी मतं मिळवलेल्या तृणमूलला 34 आणि अण्णाद्रमुकला 37 जागा. मतं एका राज्यात एकवटलेली असली की जागा, देशभर विखुरलेली असली की टोपली रिकामी. ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून, बाकीच्यांची मतं हवेत, ही पद्धत आपण इंग्रजांकडूनच घेतली. त्यांच्याकडे 2011 मध्ये ती बदलण्यासाठी सार्वमत झालं, पण दोन तृतीयांशांहून जास्त लोकांनी बदल नको म्हणून सांगितलं.

या पद्धतीची एक मेख आहे. चौदा टक्क्यांवर ती तुम्हाला मातीत घालते आणि तिशीला पोहोचलात, समोरचे विभागलेले असले, की डोक्यावर घेते. 2007 मध्ये उत्तर प्रदेशात बसपाला 30 टक्के मतं पडली आणि 403 पैकी 206 जागा आल्या, बहेनजी स्वबळावर मुख्यमंत्री झाल्या. 2014 ला भाजपनं 31 टक्क्यांवर दिल्लीत बहुमत घेतलं. 2025 मध्ये ब्रिटनच्या जनमत चाचण्यांत रिफॉर्म तिशीच्या आसपास पोहोचला आणि तिथल्या वर्तमानपत्रांना घाम फुटला तो यामुळेच. त्याच वर्षी मे महिन्यात स्थानिक निवडणुकांत त्यांचे 677 नगरसेवक निवडून आले आणि रनकॉर्नची पोटनिवडणूक त्यांनी सहा मतांनी जिंकली. सहाशे नाही, सहा. त्यामुळे जिंकण्याची शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही, हे मी त्या पोरालाही सांगितलं.

पण एका खासदाराच्या पक्षानं काय मिळवलं ते बघा. 2013 च्या जानेवारीत पंतप्रधान कॅमेरॉन यांनी युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमत घेण्याचं वचन दिलं. तेव्हा युकिपच्या तिकिटावर निवडून आलेला एकही खासदार संसदेत नव्हता. कॅमेरॉन यांना भीती होती ती स्वतःच्या पक्षाची मतं आणि माणसं तिकडं जाण्याची. 2016 मध्ये सार्वमत झालं, 52 विरुद्ध 48 असा निकाल लागला, आणि ज्या पक्षाची मतं 'वाया' गेली होती त्याची मागणी देशाचं धोरण झाली.

मला इथं थांबावंसं वाटतं, कारण 'मत वाया घालवू नका' हे वाक्य आपण जन्मापासून ऐकतो. कॅमेरॉनही 2014 मध्ये मतदारांना भीती घालत होते की रात्री फराजच्या नावानं झोपाल आणि सकाळी लेबरचा मिलिबँड पंतप्रधान झालेला बघाल. आपल्याकडं याला 'मतं खाणारे', 'बी टीम' म्हणतात. 2019 ला महाराष्ट्रात वंचितच्या मतदारांना हे किती ऐकावं लागलं ते सांगायला नको. शब्द सारखेच आहेत, फरक त्यापुढं काय होतं त्यात आहे. तिथं हे बोलून झाल्यावर दोन्ही मोठे पक्ष त्या मतदाराच्या मागे धावले. त्याचा राग काय आहे, त्याला काय हवंय, हे समजून घ्यायला समित्या, अभ्यास, पुस्तकं निघाली. रॉबर्ट फोर्ड आणि मॅथ्यू गुडविन यांनी 2014 मध्ये लिहिलेल्या पुस्तकानं तर त्या मतदाराला 'मागे राहिलेला' हे नाव मिळवून दिलं. मी समाजशास्त्र शिकले, त्यामुळे ही चर्चा भरपूर वाचली आहे. डॅनी डॉर्लिंगसारख्यांनी दाखवलं की ब्रेक्झिटला मत देणारे बहुसंख्य मध्यमवर्गीय होते, तरी सहानुभूती आटली नाही. आपला माणूस आपल्या पक्षाला मत देतो तेव्हा त्याच्या रागावर कोणी पुस्तक लिहीत नाही. 'जातीचं मतदान' म्हणून दोन शब्दांत विषय मिटतो, आणि निकालानंतर पराभवाचं खापरही त्याच्यावरच फुटतं.

यामागं निव्वळ आकडे नाहीत. युकिपची मागणी मान्य करायला मोठ्या पक्षांना स्वतःच्या घरातलं काही द्यावं लागत नव्हतं. किंमत मोजणार होते पोलिश प्लंबर, सीरियन निर्वासित, केरळहून गेलेल्या नर्स. आपल्या मागण्या मान्य करायच्या तर जमीन, नोकरी, प्रवेश यांतला वाटा त्यांना स्वतःच्या ताटातून द्यावा लागतो. म्हणून फराजचा एक खासदार देश हलवतो आणि आपली दोन कोटींहून जास्त मतं कोणाची झोप उडवत नाहीत.

हे नवीनही नाही. 1968 मध्ये वोल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध 'रक्ताच्या नद्यां'चं भाषण केलं. पक्षानं त्यांना दुसऱ्याच दिवशी पदावरून काढलं. तीन वर्षांत त्याच पक्षाच्या सरकारनं 1971 चा कडक इमिग्रेशन कायदा केला. त्या वोल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांत तेव्हा पंजाबातून आलेले आपलेच लोक घाम गाळत होते. आजही तिथं रविदासी सभा आहे, बुद्ध विहार आहे.

आणि आज? 12 मे 2025 रोजी लेबरचे पंतप्रधान स्टार्मर यांनी स्थलांतराची श्वेतपत्रिका मांडली. आपण अनोळखी माणसांचं बेट होऊ, असं ते बोलले. लोकांना पॉवेल आठवले, मग स्टार्मर यांनी खेदही व्यक्त केला. शब्द मागे घेतले, श्वेतपत्रिका नाही. परदेशातून केअर वर्कर आणण्याचा मार्ग जुलैत बंद झाला. सप्टेंबरमध्ये फराज म्हणाले, आम्ही आलो तर कायम वास्तव्याचा हक्कच रद्द करू. स्टार्मर यांनी त्याला वंशवादी धोरण म्हटलं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच गृहमंत्री शबाना महमूद यांनी कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर आणि कमी पगाराच्या कामगारांसाठी पंधरावर नेण्याचा प्रस्ताव ठेवला. 2024 ला पाच खासदार निवडून आलेल्या पक्षाचा हा परिणाम आहे, आणि पुढची निवडणूक तर ऑगस्ट 2029 पर्यंत कधीही होऊ शकते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रेक्झिटनं आपल्या पोरांचं नुकसानच केलं असं नाही. 2016 च्या प्रचारात प्रीती पटेल भारतीय उपखंडातल्या हॉटेलवाल्यांना सांगत होत्या, युरोपचे लोक थांबले की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. आचाऱ्यांचं फारसं जमलं नाही, पण 2021 पासून शिक्षण संपल्यावर दोन वर्षं राहून काम करायचा व्हिसा परत सुरू झाला आणि भारतातून विद्यार्थी मोठ्या संख्येनं गेले. तीच संख्या दाखवून आता फराज मतं मागतात. एका हातानं उघडलेलं दार दुसऱ्या हातानं लोटायला वेळ लागत नाही.

यूट्यूबवर कोणी बोलत नाही असा आणखी एक मुद्दा आहे. रिफॉर्मच्या 2024 च्या जाहीरनाम्यात 2010 चा समता कायदा बदलण्याचं वचन होतं. कारण काय दिलं? समावेशनाच्या नियमांमुळे दर्जा घसरला. इंग्रजीतून वाचताना मला आपल्याकडचा 'गुणवत्ता' हा शब्द ऐकू येत होता. त्या कायद्यात जातीला वंशभेदाचा भाग मानण्याची तरतूद करता येते. 2013 मध्ये संसदेनं सरकारला तसं करणं बंधनकारक केलं. सवर्णांच्या वर्चस्वाखालच्या हिंदू संघटनांनी जोरदार विरोध केला, इथं जात नाहीच, कायदा केला तर आमची बदनामी होईल म्हणून. जनतेची मतं मागवली, 16 हजारांहून जास्त आली, आणि 2018 मध्ये सरकारनं हात वर केले: कायदा करणार नाही, कोर्टाचे निकाल पुरेसे आहेत.

तो निकाल म्हणजे एका आदिवासी बाईची केस. भारतातून नेलेली घरकामगार. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला अठरा तास काम, मजुरी तासाला जेमतेम 11 पेन्स, झोपायला जमिनीवर गादी. अपील न्यायाधिकरणानं 2014 मध्ये म्हटलं की जात ही वांशिक मूळ या व्याख्येत बसू शकते. 2015 मध्ये तिला थकीत मजुरीपोटी 1 लाख 83 हजार पौंडांहून जास्त रक्कम मंजूर झाली. जातीविरुद्ध ब्रिटनमध्ये आज आपल्याला जो आधार आहे तो एवढाच: समता कायद्यातली एक व्याख्या आणि तिच्यावरचा निकाल. कायदा गेला की व्याख्या गेली. आणि हे करायलाही फराजना पंतप्रधान व्हावं लागेलच असं नाही, सार्वमतासाठी कुठं व्हावं लागलं होतं? तिथल्या सवर्ण भारतीयांपैकी काहींना तर हे सोयीचंच पडेल.

हे सगळं मी त्या पोराला एका बैठकीत सांगितलं नाही, दोन-तीन रात्री लागल्या. शेवटी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करू शकतो. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तो हक्क आहे. तो एकदम सरळ बसला. "म्हणजे मी फराजच्या विरोधात मत देऊ शकतो?"

मग त्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. कोर्स सप्टेंबर 2027 ला संपणार. निकाल लागून पुढचा व्हिसा हातात यायला 2028 ची सुरुवात. आधीच्या नियमानं दोन वर्षं, म्हणजे 2030 उजाडेपर्यंत तिथं. पण श्वेतपत्रिकेनं तो व्हिसा दीड वर्षाचा करायचं ठरवलं आहे, जानेवारी 2027 नंतर अर्ज करणाऱ्यांसाठी. म्हणजे 2029 च्या मध्यापर्यंत. निवडणूक शेवटच्या तारखेपर्यंत लांबली तर हा तेव्हा लातूरला परत आलेला असेल.

त्यानं ते सहा महिने पेनानं गोल केले. "ताई," तो म्हणाला, "हे तर लेबरनं काढून घेतलेत."