तेरा नोंदी आणि एक पेट स्कॅन

अंधारात दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर सोडले, तर ते आरपार निघून जातात. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकमेकांची दखल घेत नाहीत, असाच रोजचा अनुभव आहे. मात्र तो पूर्ण सत्य नाही. वेर्नर हायझेनबर्ग आणि त्यांचे विद्यार्थी हान्स ऑयलर यांनी 1936 मध्ये गणिताने दाखवले की, इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या क्षणिक जोडीच्या मध्यस्थीने फोटॉन एकमेकांना ढकलू शकतात.

याचा थेट पुरावा मिळायला 80 वर्षे लागली. जीनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांच्या शेजारून नेण्यात आली. त्यांच्याभोवतीच्या फोटॉनची टक्कर झाल्याच्या 13 संभाव्य नोंदी ॲटलास प्रयोगाने 2017 मध्ये जाहीर केल्या. 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झाले.

तेरा नोंदींसाठी एवढा खर्च कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. भारतही 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे. याचे उत्तर रुग्णालयात मिळते. डिरॅक यांच्या 1928 च्या समीकरणातून पॉझिट्रॉनची शक्यता पुढे आली आणि 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना तो वैश्विक किरणांत सापडला. तेव्हा कर्करोगाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. आज पेट स्कॅनमध्ये तोच पॉझिट्रॉन शरीरातील इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघे नष्ट होतात आणि दोन फोटॉन विरुद्ध दिशांना निघतात. त्यांच्या वाटेवरून गाठ कुठे आहे, ते कळते.

म्हणून मूलभूत संशोधनाला 'उपयोग काय' असे लगेच विचारू नये. त्याला वेळ आणि पैसा द्यावा. पण हाती आलेल्या साधनाबाबत असा धीर धरणे योग्य नाही. पेट स्कॅनसाठी वापरले जाणारे किरणोत्सारी फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मे होते. ते साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे ते तयार करणारी सायक्लोट्रॉन केंद्रे आणि स्कॅनची यंत्रे कुठे असावीत, याचे नियोजन सरकारनेच करायला हवे. निसर्गाचे कोडे सुटायला 80 वर्षे लागली, तर तक्रार नाही. तपासणीसाठी गावाकडच्या रुग्णाला दूरच्या शहरात खेटे घालावे लागतात, तो मात्र निसर्गाचा नियम नव्हे.