झाडांहून उंच नको

जत्रेत मोठा पाळणा उभा राहू लागला म्हणजे मुले भोवती जमतात आणि यंदा तो किती उंच जाणार, याविषयी पैजा लागतात. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात आल्टन टॉवर्स नावाचे करमणूक-उद्यान आहे. तेथे नवा रोलर कोस्टर येणार अशी कुणकुण लागली की तर्कांना असाच ऊत येतो. मात्र तेथे पैजा लावणाऱ्यांत पोक्त माणसेही असतात. बांधकामाच्या परवानगीसाठी स्थानिक मंडळाकडे दिलेले नकाशे कोणासही पाहता येतात. ते न्याहाळून उतार किती आणि गाडी कोठे उलटी होणार, याचे आडाखे बांधले जातात. चालकही नव्या योजनेस 'गुप्त शस्त्र' असे टोपणनाव देऊन कुतूहल वाढवितात.

रोलर कोस्टरची युक्ती साधी आहे. बहुधा साखळीने डब्यांची गाडी उंचावर ओढून न्यावयाची आणि सोडून द्यावयाची. तिला इंजिन नसते. चढावर मिळविलेली उंचीच उतारावर वेगाचे रूप घेते. म्हणून साऱ्यांचे लक्ष उंचीकडे! परंतु आल्टन टॉवर्सला उंचीचीच मनाई होती. परिसराची शोभा बिघडू नये म्हणून कोणतेही यंत्र झाडांच्या शेंड्यांवर डोकावता कामा नये, अशी अट होती. तेव्हा योजक जॉन वॉर्डली व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर चढण्याऐवजी खाली उतरावयाचे ठरविले. सुरुंग लावून खडक फोडला आणि त्या खळग्यातून रूळ फिरविले. १९९४ साली सुरू झालेला हाच तो 'नेमेसिस'. त्यात रूळ डोक्यावर व आसने खाली लोंबती. जमिनीवर त्याची उंची जेमतेम १३ मीटर, उतार मात्र सुमारे ३२ मीटर आणि वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर. २०२२ च्या अखेरीस तो बंद करून रूळ बदलले व २०२४ साली पुन्हा सुरू केला. अटीने योजकाचे हात बांधले नाहीत. उलट त्यास नवी वाट दाखविली.

तथापि दुसरी एक मर्यादा आहे, तिच्यावर कोणी पैज लावीत नाही. रोलर कोस्टरच्या मार्गाचे टापू पाडलेले असतात. पुढील गाडीने टापू सोडल्याखेरीज मागील गाडी त्यात शिरू शकत नाही. आपल्या रेल्वेच्या सिग्नलासारखीच ही व्यवस्था. याच उद्यानात २०१३ साली 'स्मायलर' उघडला. प्रवाशांस चौदा वेळा उलटे करण्याचा त्याचा जागतिक उच्चांक साऱ्यांच्या तोंडी झाला. २ जून २०१५ रोजी एक रिकामी गाडी मार्गात अडकली. यंत्राने मागील गाडी थांबविली होती. परंतु मार्ग मोकळा आहे असे समजून कर्मचाऱ्यांनी तो अडसर दूर केला. सोळा प्रवाशांची गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. २०१६ साली न्यायालयाने चालक कंपनीस ५० लाख पौंड दंड ठोठावला. धोक्याचा नीट विचार करून कामाची सुरक्षित पद्धत आखून दिली नव्हती, हा तिचा दोष ठरला.

नव्या यंत्राविषयी तर्क अवश्य करावेत. त्यात मौज आहे. परंतु किती उंच आणि किती वेगवान, एवढेच विचारून थांबू नये. ते थांबते कसे आणि थांबल्यावर पुन्हा सोडावयाचे कोणी ठरवितो, हेही विचारावे. आपल्या जत्रेतील पाळण्यात मूल बसविण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी वर शेंड्याकडे पाहावेच, पण खाली कळीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे आधी पाहावे, असे आम्हांस वाटते.