थंड हवा आणि तांबडी वाइन

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हवा थंड. तेव्हा तांबड्या वाइनची द्राक्षे तेथे का लावू नयेत, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु द्राक्षवेलीस नुसता गारवा पुरत नाही. हवा कोरडीही लागते. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरडछाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. मधला सारा पावसाळा नव्या काड्यांना सोसावा लागतो. सह्याद्रीच्या संततधारेत केवडा रोग बळावतो, पाने गळतात आणि पुढील बहार बुडतो. कर्ज मात्र उरते.

छोट्या उत्पादकाने वाइनच्या धंद्यातून घेण्याजोगा धडा निराळाच आहे. काबर्ने सोव्हिन्याँ तुरटपणा देते, शिराझ भरदार चव देते. मिश्रणात एकीची उणीव दुसरी भरून काढते. हाच न्याय डोंगरच्या मेव्याला, म्हणजे करवंद व जांभूळ यांना, लावून पाहावा. या फळांना मांडवाचा खर्च नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून वाइन करता येत नाही. म्हणून गटाने प्रथम दोन्ही फळांचे मिश्र सरबत करून बाजार अजमावावा. मांडवासाठी कर्ज काढण्यापूर्वी ग्रामसेवकांनी हा हिशेब शेतकऱ्यांपुढे अवश्य मांडावा.